एका शब्दावरचा संसार

"काय बाई, मास्तर बोलले का?" असं कुणी विचारलं, की आमच्या बालवाडीच्या बाई पर्स डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्याला अडकवायच्या आणि म्हणायच्या, "अजून न्हाय."

या दोन शब्दांतल्या पहिल्यावर जोर असायचा. विचारणारा हळहळायच्या तयारीत असायचा, पण त्या 'अजून'मुळे त्याची पंचाईत व्हायची. वाईट वाटून घ्यायचं की वाट बघायची, हे त्याला ठरवता यायचं नाही. मग तो "बरं बरं" करत आपल्या वाटेला लागायचा.

मी त्याच शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते आणि जुळे सोलापूर भागात त्यांच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहते. म्हणजे दिवसा बाईंच्या वर्गातला गलका आणि संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातला, दोन्ही माझ्याच कानावर. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. अपार्टमेंटमध्ये दिवस काढलेल्यांना डक्ट म्हणजे काय ते सांगायला नको. त्यातून शेजारच्याची फोडणी कळते, भांडणं कळतात आणि बाईंच्या बाबतीत प्रार्थनाही कळायची.

बाई ख्रिस्ती होत्या. मूळच्या बार्शीकडच्या. ठेंगण्या, सावळ्या, पदराला भलीमोठी पिन, आणि पर्समध्ये पोरांसाठी कायम चणेफुटाणे. एवढी वर्षं शिकवूनही त्यांच्या बोलण्यातलं 'लई' आणि 'न्हाय' काही सुटलं नाही. आम्ही मैंदर्गीचे, घरात कन्नड बोलणारे. माझं मराठी शाळेत शिकलेलं. "तुझं मराठी इस्त्रीचं हाय सुवर्णा, माझं रोजच्या वापरातलं," असं त्या मला चिडवायच्या.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. दुसऱ्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे. या माणसाइतका बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. जिन्यात भेटले की पहिल्या पायरीवर सुरू झालेली लढाई तिसऱ्या मजल्यावर तहापर्यंत यायची. त्यांच्याकडे चहाला जायचं तर चहा निवूनच प्यावा लागायचा, कारण त्यांचं बोलणं चालू असताना कप तोंडाला लावणं बरं दिसायचं नाही. बाई मला डोळ्यांनीच खुणावायच्या, पिऊन टाक, ते काही थांबायचे न्हाईत.

आणि मास्तर बाईंना नावानं हाक मारायचे. आमच्याकडच्या बायकांना याचं फार अप्रूप होतं. आमचे नवरे 'अगं ए' आणि 'ऐकतीस का' यांवर आयुष्य काढणारे. मास्तर मात्र खाली गेटपाशी स्कूटर उभी करून, चष्मा विसरला म्हणून किंवा डबा विसरला म्हणून, मान वर करून अशी खणखणीत हाक द्यायचे की तिन्ही मजल्यांच्या गॅलरीत बायका येऊन उभ्या राहायच्या. बाई लाजून चूर व्हायच्या. "हळू की वो, अख्ख्या कॉलनीला माझं नाव पाठ झालंय," असं वरून म्हणायच्या. पण मास्तर रोज काही ना काही विसरायचे, आणि मला तर संशय आहे की ते मुद्दाम विसरायचे.

आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. पोरं बाई म्हणायची, पोरांच्या आया बाई म्हणायच्या, त्यांच्या चर्चची मंडळीही बाईच म्हणायची. आईवडील कधीच गेलेले, मोठा भाऊही गेलेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हा बाईंना त्यांच्या नावानं बोलावणारं मास्तरांखेरीज जगात कुणी उरलं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. त्यांच्या लक्षात ते आधीपासून असणार.

एका डिसेंबरात नाताळच्या गाण्यांची तालीम चालू असताना पेटी वाजवता वाजवता मास्तर तिच्यावरच कलंडले. दवाखान्यातून परत आले ते चाकाच्या खुर्चीत. उजवा हात आणि पाय लुळा, आणि वाचा गेलेली. सगळी गेली असती तर एक वेळ परवडलं असतं. पण एक शब्द मागे राहिला. 'नको'.

भूक लागली तरी नको, पोट भरलं तरी नको. मला बघून आनंद झाला की डावा हात वर करून हसत हसत "नको, नको" म्हणायचे. पाहुणे गोंधळून दारातच थबकायचे. "या की आत," बाई म्हणायच्या, "ते तुमाला यायलाच सांगालेत."

डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं येईलही, न येईलही. सराव करून घ्या. सराव करून घेणं हा तर बाईंचा जन्माचा धंदा. त्यांनी बालवाडीतली चित्रांची कार्डं घरी आणली. संध्याकाळी गॅलरीत मास्तरांच्या समोर स्टूल टाकून बसायच्या आणि एकेक कार्ड धरायच्या.

"हे काय हाय? आं...आंबा."

"नको," मास्तर म्हणायचे.

"आंब्याला नको म्हणणारा माणूस पहिल्यांदाच बघितला मी," बाई म्हणायच्या आणि पुढचं कार्ड काढायच्या. "बरं, हे? घ...घर."

मास्तरांना हसू यायचं, कधी राग यायचा. राग आला की कार्ड डाव्या हातानं उडवून लावायचे. बाई वाकून उचलायच्या, फुंकर मारून पुसायच्या आणि त्या दिवशीचा वर्ग सुटला असं जाहीर करायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, तुम्ही थकत कशा नाही?" त्यावर म्हणाल्या, "अगं, वर्गात काही पोरं वर्ष वर्ष तोंड उघडत न्हाईत. आया रडत येतात, मुकं हाय का वो म्हणून. आणि एक दिवस डबा उघडता उघडता एकदम बोलतात. तवा काय मी घड्याळ लावून बसते का?"

देवाजवळचं त्यांचं मागणं मात्र दिवसेंदिवस लहान होत गेलं. मी डक्टमधून ऐकत होते ना. सुरुवातीला 'त्यांना पूर्ण बरं कर' असं होतं. मग 'हात तरी चालू कर' झालं. मग 'बोलणं तरी दे'. दोनेक वर्षांत त्या एकाच गोष्टीवर येऊन ठेपल्या. मास्तरांनी त्यांना एकदा नावानं हाक मारावी. कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करून त्या बोलायला सुरुवात करायच्या, पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात. "प्रभू, काल सांगितलेलं हायच. एकदाच हाक मारू दे. मग मला नेलंस तरी चालंल. मलाच हां, त्यांना न्हाय. त्यांचं कोण करील?"

मी इकडे भाजी चिरता चिरता थांबायचे. सिद्धेश्वराला हात जोडून म्हणायचे, बाबा, तुझ्याकडून काही होतंय का बघ. देवादेवांत काही बोलणं होत असेल तर.

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे घरसभा भरायची. चर्चची दहाबारा माणसं जमायची, पेटी आणि ढोलकीवर गाणी व्हायची, मग ज्याचं त्याचं दुखणंखुपणं सांगून प्रार्थना. बाईंनी प्रार्थना केली की काम होतं अशी त्यांची ख्याती होती. कुणाच्या मुलीचं लग्न जुळलं, कुणाला नर्सिंगला प्रवेश मिळाला, कुणाच्या पोटातली गाठ साधीच निघाली. ती माणसं पेढे घेऊन यायची. बाई अर्धा पेढा स्वतः खायच्या, अर्धा मास्तरांना भरवायच्या. मास्तर 'नको' म्हणत म्हणत मिटक्या मारत खायचे.

मला मात्र ते पेढे गोड लागायचे नाहीत. माझा स्वभाव जरा तिखटच आहे. एकदा न राहवून म्हणाले, "बाई, तुम्ही शिफारस करता त्या सगळ्यांची कामं होतात. तुमचंच तेवढं कसं अडकतं?"

"रांगेत उभी हाय की मी," त्या म्हणाल्या.

"पण रांग पुढे सरकते का?"

"ते मागं उभं राहून दिसत न्हाय, सुवर्णा. पण टँकरच्या रांगेत कसं असतंय, कंटाळून घागर घेऊन बाजूला झालं की नंबर गेला. म्हणून उभं राहायचं."

आम्ही पडलो नवस बोलणारी माणसं. काम झालं की नारळ, अशी आमची सरळ बोलणी. काम होत नसताना रोज उठून त्याच देवाचे आभार मानायचे, हे मला पटायचं नाही. मी तसं बोलूनही दाखवायचे. बाई वाद घालायच्या नाहीत. चणेफुटाणे पुढे करायच्या.

पण त्या कधी डगमगल्याच नाहीत असं समजाल तर चूक होईल. एकदा बाहेरगावचा एक उपदेशक आला होता. मोठा मंडप, मोठे कर्णे. मंडळीतल्या लोकांनी आग्रह केला म्हणून बाई मास्तरांना घेऊन गेल्या. रिक्षात खुर्ची चढवायला आमचे यजमान सोबत गेले होते, म्हणून मला सगळं कळलं. त्या माणसानं मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठमोठ्यानं प्रार्थना केली आणि म्हणाला, बोला. मास्तर म्हणाले, "नको." पुन्हा हात ठेवला, पुन्हा नको. मग त्यानं कर्ण्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या घरात विश्वास कमी आहे, किंवा काहीतरी लपवलेलं पाप आहे.

बाईंनी खुर्ची वळवली आणि भर मांडवातून बाहेर आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी होती, आणि मला डक्टमधून भांडी आदळल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज.

"बघितलंस ना? तुझ्या नावानं बोलला त्यो. चारचौघांत बोलला. माझ्या मास्तरांनी काय पाप केलंय सांग. मी केलं असंल तर मला सांग. तू गप्प, हे पण गप्प. मी एकटीनं किती बोलायचं?"

नंतर त्या रडल्या. मी हातातलं काम टाकून त्यांच्या दारापर्यंत गेले, पण बेल वाजवली नाही. काही भांडणांत तिसऱ्यानं पडू नये. संध्याकाळी त्या नेहमीसारख्या कार्डं घेऊन गॅलरीत बसलेल्या दिसल्या. त्या गुरुवारी घरसभाही झाली. मी विचारलं, "मिटलं का भांडण?" बाई म्हणाल्या, "मिटलं न्हाय. पण बोलणं तोडलं न्हाय मी. तोडून कुणाकडं जाऊ?"

मग तो कापणीचा सण आला. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय ठाऊक नाही, म्हणून सांगते. ज्वारीची काढणी झाली की त्यांच्या चर्चमध्ये एका रविवारी हा सण करतात. प्रत्येकानं आपल्या घरचं काहीतरी आणायचं. वेदीपुढे कणसं, भोपळे, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेल्या कोंबड्या असं सगळं मांडतात. वर्षभरात देवानं काय काय केलं ते सांगून आभार मानायचे, त्याला ते उपकारस्तुती म्हणतात. भक्ती, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की त्या सगळ्या वस्तूंचा लिलाव. बाई मला दरवर्षी बोलवायच्या आणि मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन जायचे. माझ्या चटणीवर दोन म्हातारे इरेला पेटायचे, ते बघून मला मोठं समाधान वाटायचं.

त्या वर्षी पाळकसाहेब नवे आले होते. अगदी तरुण, नुकतंच शिक्षण संपवून आलेले, चेहरा घामेजलेला. त्या मंडळीची अशी रीत होती की आत शिरताना दारातच पाळकांना सांगायचं, कुणासाठी प्रार्थना हवी आणि कुणाबद्दल आभार मानायचे. सगळं तोंडीच. जुने पाळक मंडळीतच वाढलेले, त्यांना घराघरातलं माहीत. या बिचाऱ्याला चेहरेही नवे आणि नावंही नवी, वर कोंबड्यांचा गोंधळ. बाईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं, मास्तरांच्या वाचेसाठी प्रार्थना करा. त्यांच्या मागेच एका आजोबांनी सांगितलं, माझी दृष्टी परत आली, आभार माना. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून सुरुवात केली आणि एका ठिकाणी आवाज चढवून म्हणाले, "आमच्या मास्तरांची गेलेली वाचा तू परत दिलीस, याबद्दल प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो."

एकदम सगळीकडून "आमेन" उठलं. इतकी वर्षं ती माणसं मास्तरांसाठी प्रार्थना करत होती. त्यांना वाटलं, झालं एकदाचं. मागच्या बाकावरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात दाबून मलाच विचारलं, "कधी वो? बोललात न्हाई तुमी." मी बाईंकडे पाहिलं. त्या पुढच्या बाकावर, मास्तरांच्या खुर्चीला लागून बसल्या होत्या. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पाळकसाहेबांना लोकांचा आनंद बघून हुरूप आला. ते माइक घेऊन खाली आले आणि मास्तरांपुढे धरून म्हणाले, "मास्तर, दोन शब्द बोला."

मास्तरांनी माइककडे पाहिलं. मग पाळकांकडे पाहिलं. आणि स्पष्ट म्हणाले, "नको."

सगळं चर्च हसलं. मायेनं हसलं. त्यांना वाटलं मास्तर संकोचलेत. कुणीतरी म्हणालं, "आता गप्प कसले बसताय, मास्तर?" आणि पुन्हा हशा. बाईंचे खांदे हलताना मला दिसले. मला वाटलं संपलं, या आता कोसळणार. मी उठून पुढे गेले तर बाई हसत होत्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होत्या. मास्तरही त्यांच्याकडे बघून हसायला लागले.

मग बाई उठल्या. माइक नको म्हणाल्या, बालवाडीत शिकवणाऱ्याला माइक लागत नाही.

"पाळकसाहेब, थोडी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मास्तरांची वाचा आलेली न्हाय. दृष्टी आली ती आजोबांची."

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते पुटपुटले, "माफ करा बाई. मी... आपण ती प्रार्थना मागे घेऊ."

"मागं कशाला घ्यायची?" बाई म्हणाल्या. "एकदा दिलेले आभार परत घेत न्हाईत. ऱ्हाऊ द्या त्याच्याकडं. मला पण आज आभार मानायचेच हायत. मास्तरांकडं एक शब्द ऱ्हायलाय, तुमी सगळ्यांनी ऐकला आत्ता. पहिल्यांदा मला त्या शब्दाचा लई राग यायचा. वाटायचं, ठेवायचाच होता एक, तर दुसरा कुठलातरी ठेवायचा. पण आता मला कळतंय. भुकेचं नको वेगळं, दुखण्याचं वेगळं, माझ्यावर रुसल्याचं वेगळं. कधी कधी नुसतं, तू हितंच बस, असं पण असतंय. एका शब्दावर आमचा संसार चालतोय. त्यो शब्द पण गेला असता तर मी काय केलं असतं? म्हणून आभार."

त्या खाली बसता बसता पुन्हा उठल्या. "आणि माझं मागणं हाय तसंच हाय. ते बंद करू नका."

त्या दिवशी लिलावात कुणाचंच लक्ष नव्हतं. माझी चटणी बिनविरोध गेली.

घरी येताना मी रिक्षात म्हणाले, "बाई, मी तुमच्या जागी असते तर त्या पोरसवदा पाळकाला उभा आडवा घेतला असता. बाजारात तुरी आणि आभाराची घाई."

बाई म्हणाल्या, "मास्तरांचं नको कळायला मला दोन उन्हाळे गेले, सुवर्णा. बायको असून. मग देव गप्प बसलाय, म्हंजे काय म्हणतोय, ते कळायला येळ लागणारच की." खुर्चीची घडी आमच्या पायांशी होती आणि मास्तर त्यांच्या खांद्यावर झोपले होते. बाई त्यांचं डोकं हातानं धरून बसल्या होत्या, खड्ड्यात आदळू नये म्हणून. मी त्यानंतर त्यांच्याशी या विषयावर कधी वाद घातला नाही. पटलं होतं म्हणून नाही. पण ते हातानं धरलेलं डोकं बघितल्यावर वादाला तोंड राहिलं नाही.

त्यानंतर मास्तर आणखी काही वर्षं होते. बाई निवृत्त झाल्या. कार्डांच्या कडा झिजून चित्रं पुसट झाली, तरी संध्याकाळचा वर्ग चुकला नाही. एका मे महिन्यात भर दुपारी, कूलरपाशी खुर्चीत बसल्या बसल्या मास्तर गेले. बाई जवळच होत्या, त्यांना ताक पाजत होत्या.

मातीला फार माणसं आली होती. पोरसवदा पाळक आता चांगले रुळले होते, पण प्रार्थना करताना त्यांचा आवाज दोनदा फाटला. दुसऱ्या दिवशी मी भाकरी-पिठलं घेऊन गेले. बाई पलंगावर बसल्या होत्या. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "बाई, शेवटी काही बोलले का हो मास्तर?"

"न्हाय," बाई म्हणाल्या.

'अजून' हा शब्द त्यात नव्हता. मी इतकी वर्षं तो शब्द ऐकत आले होते, थट्टा केली होती त्याची. तो नाही म्हटल्यावर मला त्यांच्यापुढे बसवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

त्यानंतर डक्टमधून बोलणं ऐकू येईनासं झालं. कुकर व्हायचा, भांडी घासली जायची, पण बाई बोलायच्या नाहीत. घरसभा चालू होती. लोक गायचे, बाई नुसत्या बसायच्या. मला काळजी वाटायला लागली. आता मला डक्टमधली शांतता सोसवत नव्हती, बघा गंमत. एक दिवस मी सरळ विचारलं, "बाई, देवाशी बोलणं टाकलंत का?"

"टाकलं न्हाय," त्या म्हणाल्या. "बसते त्याच्यापुढं रोज. पण मागायचं होतं ते माणूसच ऱ्हायलं न्हाय, तर काय बोलू? आमी दोघं आता नुसतं बसतो. त्यो पण काही म्हणत न्हाय, मी पण काही म्हणत न्हाय."

"राग आहे अजून?"

"हाय. पण त्याच्याबिगर माझं कुणी रागवण्याइतकं जवळचं न्हाय." मग पदर नीट करत म्हणाल्या, "वर गेले की मास्तर बोलतील. तितं सगळ्यांची वाचा चालू असणार. हे मला ठाऊक हाय. पण मला ते हितं ऐकायचं होतं गं. हितं, आपल्या कॉलनीत. गेटवरनं."

मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होते.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. तिसरा मजला, लिफ्टचा पत्ता नाही. जालन्याची भाची, त्यांच्या गेलेल्या भावाची मुलगी, न्यायला तयार होती. फ्लॅट आवरला. बाई तिकडे गेल्या आणि वर्षा-दीड वर्षात तिकडेच वारल्या. भाचीचा फोन आला तेव्हा मातीही होऊन गेली होती. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते इथेच, आपल्या एसटी स्टँडवर.

भाची एक दिवस आधी सामान घेऊन टेम्पोबरोबर पुढे गेली होती. सकाळी मी बाईंना रिक्षानं स्टँडवर आणलं. लग्नसराई होती, पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी लागायला वेळ आहे म्हणून त्यांना बाकावर बसवलं आणि मी पाण्याची बाटली आणायला गेले. त्यांच्या डब्याची पिशवी माझ्याच हातात राहिली. परत येते तर बाकावर बाई नाहीत. गाडी पलीकडच्या फलाटावर लागली होती आणि कुणीतरी बिचाऱ्यांना हाताला धरून तिकडे नेलं होतं. गर्दीतून मला फक्त त्यांची पाठ दिसली. इंजिन चालू होतं. एक पाय पायरीवर ठेवून त्या दांडी पकडत होत्या.

"बाई," मी ओरडले. "ओ बाई."

केळी विकणारीनं वळून पाहिलं. दोन लेकुरवाळ्या वळल्या. एक कंडक्टर बाई "काय?" म्हणून उभी राहिली. आमच्या बाई काही वळल्या नाहीत. मधे सगळी माणसं, पेट्या, पोरं. मी पुन्हा ओरडले, पुन्हा तेच. मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, उभ्या जन्मात त्यांना बाईशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. पण होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी त्यांना नावानं हाक मारली. नुसतं नाव. मागे काही नाही, पुढे काही नाही.

बाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला.

माझ्याकडे त्यांनी आधी पाहिलंच नाही. दुसऱ्याच बाजूला पाहिलं, जिथे स्कूटर लावतात तिकडे. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता, आणि तसा तो मी मास्तरांची वाचा गेल्यापासून पाहिला नव्हता. मग हळूहळू त्या वळल्या. गर्दीतून वाट काढत येणारी मी त्यांना दिसले.

"ओ," बाई म्हणाल्या.

मी धापा टाकत त्यांच्यापाशी पोचले. पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "माफ करा बाई, ऐकूच जाईना तुम्हाला, म्हणून..."

त्यांनी पिशवी घेतली, पण माझं मनगट सोडलं नाही. मागची माणसं चढायची घाई करत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "आजी, चढा की आता," कुणीतरी म्हणालं.

"परत एकदा मार की," बाई मला म्हणाल्या.

मी मारली. एवढ्या जवळून ओरडायची गरज नव्हती, तरी मास्तर गेटवरून मारायचे तशी खणखणीत मारली. बाईंनी डोळे मिटून ओ दिली, आणि मग त्या गाडीत चढल्या.